भैरव पाण्याची वाट बघतो

जयवंती सामंत जिना चढून आल्या तेव्हा त्यांना बोलायलाही दम उरला नव्हता. सीमा राऊतने खुर्ची पुढे केली, शांताराममामांनी पाणी आणलं. सीमा वसईत खाजगी तपासाची कामं करते. मामा निवृत्त आहेत म्हणून तिच्याबरोबर असतात, आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत गुन्हेगार शोधून मोकळे होतात. आजवर तो एकदाही खरा निघालेला नाही.

“माझा मुलगा उमंग दोन महिन्यांपूर्वी घर सोडून गेला,” बाई म्हणाल्या. “बँकेच्या परीक्षेत पुन्हा नापास झाला आणि त्याचे बाबा नको ते बोलले. आता फोनवर म्हणतो, पुण्यात नोकरी लागली. आम्ही चौकशी केली. त्या कंपनीत या नावाचा कुणी नाहीच.”

“वाईट संगत!” मामांनी निकाल दिला.

“सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी मला त्याला एकदा डोळ्यांनी बघायचंय.”

“मग सांगा की त्याला,” सीमा म्हणाली. “धावत येईल.”

“आजाराचा धाक घालून बोलवायचं नाही मला. आणि खोटं पकडलं गेलं म्हणून मान खाली घालूनही तो यायला नको. तसा आला तर पुन्हा जाईल.”

सीमाला ही बाई एकदम आवडली.

“कुणाशी बोलतो तो?”

“दर रविवारी मित्रांबरोबर फोनवरून कसलासा खेळ खेळतो. तेवढा मात्र सोडला नाही त्याने.”

शनिवारी दुपारी सीमा आणि मामा नायगावला उमंगच्या मैत्रिणीच्या, विनिताच्या फ्लॅटवर पोचले. मेजावर रंगीत फासे पडले होते. उमंगचे तिन्ही मित्र तिथेच होते. सीमाने एकेकाला गॅलरीत बोलावलं.

“मी गेम मास्टर,” विनिता म्हणाली. “म्हणजे प्रसंग मी सांगते. प्रत्येकाचं एक पात्र असतं. आपलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने बोलून सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. उमंगचा भैरव म्हणून एक योद्धा आहे.”

“तो कसा खेळतो?”

“आधी एकदम बोअर! ‘मी मारतो’, बस्स. हल्ली मात्र काय मस्त वर्णन करतो! परवा सगळे धडाधड होडीत उड्या टाकत होते. हा म्हणाला, ‘भैरव होडीच्या कडेवर पाय देत नाही, मधल्या आडव्या फळीवर ठेवतो, नाहीतर होडी कलंडेल.’ मग लुटीचा माल विकायचा होता. मी तराजू काढला, तर म्हणाला, ‘वजन नको. जमिनीवर वाटे लावतो, बायकांना बोली लावू दे.’”

“तुमच्या कथेतलं राज्य कुठलं?”

“डोंगरातलं. समुद्र नकाशावरच नाही.”

विघ्नेश चिडलेलाच होता. “मॅडम, त्याच्यामुळे आम्ही मरता मरता वाचलो. मागे राक्षस लागलेत, समोर नदी. आणि हा म्हणतो, ‘भैरव थांबतो. आता चिखल आहे, होडी रुतेल. पाणी चढलं की निघू.’ अरे, डोंगरातल्या नदीला कसली भरती? मी आणि विनिता दोघं ओरडलो.”

“आणि एरॉल?”

“तो नाही ओरडला. एरवी प्रत्येक फाशावर वाद घालतो, त्या दिवशी ‘थांबू या ना यार’ म्हणाला.”

मामांनी सीमाच्या कानात सांगितलं, “हा विघ्नेशच. राग बघ त्याचा.”

एरॉल शेवटी आला. गॅलरीच्या कठड्याला टेकून मोबाइल हातात फिरवत राहिला.

“उमंग पुण्यातच आहे,” न विचारताच तो म्हणाला. “मजेत आहे.”

“त्याच्या खेळातलं तुला काय आवडलं?”

एरॉल खुलला. “तो मासा! एक राक्षसी मासा पकडला होता आम्ही. विघ्नेशने सरळ शेपटी धरली. उमंग म्हणाला, ‘भैरव आधी त्याचे काटे मोडतो, मग हात लावतो.’ शिंगाळा माशाला तसंच करतात ना!”

“कोण करतात?”

एरॉलचा मोबाइल फिरायचा थांबला.

संध्याकाळी सीमाने जयवंतीबाई आणि त्यांचे पती विद्याधरराव यांना तिथेच बोलावून घेतलं. सगळे मेजाभोवती बसले.

“माणूस पात्राचं नाव काहीही ठेवो,” सीमा म्हणाली, “पण ते पात्र काय करतं हे सांगताना स्वतःच्या हातांना माहीत असलेलंच सांगतो. तलवार उमंगने कधी धरली नाही, म्हणून तो नुसतं ‘मारतो’ म्हणायचा. दोन महिन्यांत त्याच्या वर्णनात बारकावे आले. पण कुठे? होडीत, चिखलात, माशाच्या काट्यात. म्हणजे ही कामं तो रोज करतोय. कथेत समुद्र नसताना त्याला भरतीची वाट बघावीशी वाटली, इतकी ती अंगात मुरली आहे.”

“मग राजोडीचा किनारा!” मामा उत्साहाने म्हणाले.

“राजोडीला वाळू आहे, मामा. याच्या होडीखाली चिखल आहे. आणि वाटे लावून बायकांनी बोली लावायची, म्हणजे मासळीचा लिलाव. आपल्याकडे धक्का आणि लिलाव एकत्र कुठे? वसईच्या पाचूबंदरला. मागे राक्षस लागलेले असतानाही भरतीसाठी थांबणं ज्याला वेडेपणाचं वाटलं नाही, असा इथे एकच जण आहे. एरॉल, तुला ते का पटलं?”

एरॉलचे डोळे भरून आले. “माझी क्लाराआंटी राहते तिथे. तिच्या नवऱ्याच्या होडीवर जातो तो. सॉरी काकू, त्याने मला शपथ घातली होती. काम आवडतं त्याला. पण पुण्याचं खोटं बोलून बसलाय ना, आता तोंड कसं दाखवू म्हणतो.”

विद्याधरराव उठले. “आत्ता जाऊन घेऊन येतो.”

“नको,” सीमा म्हणाली. “या खेळात दुसऱ्याच्या पात्राने काय करायचं ते आपण सांगायचं नसतं. उद्या रविवार आहे. जयवंतीताई, तुम्ही खेळाल?”

रविवारी सगळे पुन्हा विनिताकडे जमले आणि तिने फोन मेजाच्या मधोमध ठेवला. उमंगचा आवाज आला. थोडा खेळ झाल्यावर विनिता म्हणाली, “आज एक नवीन प्रवासी आली आहे. तुम्ही काय करता?”

जयवंतीबाईंनी साडीचा पदर बोटाला गुंडाळला. “मी धक्क्यावर जाते. लिलाव चालू आहे. भैरव कामात आहे, म्हणून हाक मारत नाही, बाजूला बसून त्याला बघते. किती छान काम करतोय माझा...” त्या अडखळल्या. “काम झालं की विचारते, जेवलास का रे?”

विघ्नेशने फासे मुठीत घट्ट धरले होते.

“उमंग,” विनिता हळूच म्हणाली, “भैरव काय करतो?”

“तो... तो आधी हात धुतो.” आवाज फुटला. “घासून घासून धुतो. आई, वास जात नाही गं हाताचा.”

“नाही गेला तर नाही गेला. तसाच ये.”

“आई, हे आता खेळातलं नाही. मी निघालोय.”

विद्याधररावांनी घसा खाकरला. “मी काय बोलायचं असतं?” त्यांनी विनिताला विचारलं.

“तुम्ही काय करता तेवढंच सांगा, काका.”

ते फोनवर वाकले. “मी खाली गेटवर येऊन थांबतो,” ते म्हणाले, आणि खरंच चपला घालून निघाले.

मामा डोळे पुसत होते. जयवंतीबाई मात्र लगबगीने गॅलरीत गेल्या. पोरगा नवऱ्याला दिसण्याआधी त्यांना दिसायला हवा होता.