पाठीचं माप

नणंदेने ऑफिसातून चित्रकथांचा गठ्ठा आणला, तेव्हा वहिनी एका शर्टाची झिजलेली कॉलर उलटवत बसली होती. दिवसभर शिवणकारखान्यात तेच, घरी येऊनही तेच.

"हे काय, पोरांची चित्रं?"

"मांगा म्हणतात. जपानी. भुताटकीची मालिका आहे, आमच्याकडे हातोहात फिरतेय. वाचून झाली की पुढच्या माणसाला द्यायची, घरात ठेवायची नाही, असं देणारीने बजावलंय."

"का?"

"मला काय माहीत. वाच, डोकं हलकं होईल."

डोकं जड व्हायला कारण होतं. वहिनीचा नवरा दोन वर्षांपूर्वी पासपोर्टसाठी फोटो काढून येतो म्हणून गेला, तो गेलाच. पोलिसांनी विचारलं, भांडण झालं होतं का? नाही? मग येईल. तो आला नाही आणि पोलीसही पुन्हा फिरकले नाहीत. नवरा मेला तर रडता येतं, पळाला तर शिव्या देता येतात. वहिनीला दोन्हीची सोय नव्हती. दारातून निघालेली निळ्या शर्टातली पाठ, एवढंच तिच्याकडे उरलं होतं.

गठ्ठ्यात सगळ्यात वर शेवटचा भाग होता. तिने तोच घेतला आणि आपण कुठलंही पुस्तक उघडतो तसा उघडला. डावीकडून. जपानी पुस्तकं उजवीकडून सुरू होतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. संवादांच्या फुग्यांतलं इंग्रजी तिने सोडूनच दिलं आणि नुसती चित्रं पाहिली.

काळंकुट्ट दगडी घर. लांबलचक टेबल, रिकाम्या खुर्च्या. मग पानं उलटली तशी माणसं येऊ लागली. दारातून एकेक जण पाठमोरा आत यायचा आणि खुर्चीत बसायचा. घर भरत चाललं होतं.

नणंद हसली. "अगं, उलटं वाचतेस. ती येत नाहीत, जातायत. एकेक करून सगळी निघून जातात. म्हणून तर भीतीची गोष्ट."

"असू दे. मला भरलेलंच बरं वाटतं."

रोज संध्याकाळी ती एक भाग वाचायची, तसाच, शेवटाकडून पहिल्याकडे. आधी बाथरूममध्ये एक टॉवेल ओला राहू लागला. मग चपलांच्या रॅकमध्ये पुरुषाचे बूट दिसले. सासूबाईंनी चौथं ताट मांडायला सुरुवात केली. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मालिका संपली त्या संध्याकाळी तो जेवायला बसला होता. निळा शर्ट. तिघींकडे पाठ.

"आला ना, झालं तर," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आईला मुलाची पाठसुद्धा पुरते.

नणंदेने हातातला घास ताटात ठेवला. "दादा, इकडे बघ ना."

तो हलला नाही. वहिनी उठली, टेबलाला वळसा घालून समोर गेली. परत येऊन बसली.

"काय गं?"

"जेव."

समोरूनही पाठच होती.

सुट्टीच्या दिवशी नणंद पहिला भाग चाळत बसली. सरळ, उजवीकडून. तो खुर्चीवरून उठला. पान उलटलं, तो पॅसेजमध्ये. पान उलटलं, दाराची कडी वाजली.

वहिनीने पुस्तक हिसकावलं. कडी थांबली.

"वहिनी, उद्या देऊन टाकते हे. शेजारच्या टेबलावरची कधीची मागतेय."

"ती कशी वाचेल?"

"कशी म्हणजे? सरळ."

"मग नको. मी देते पुढे."

कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर काज करणारी बसायची. सगळे तिला काजबाईच म्हणत. तोंडाने फाटकी, मनाने चांगली. वहिनीने गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

"डावीकडून उघड. इंग्रजी सोडून दे. तुझ्या घरी कुणी यायचं राहिलंय का?"

"सासरा. त्याला मसणात पोहोचवून आलो, तेव्हा कुठे माझ्या अंगावरचे वळ बुजले. का गं?"

वहिनीने हे ऐकलं. नीट ऐकलं. पण आपलं माणूस टिकवायचं तर दुसरीच्या घरात डोकावायचं नसतं. डोकावलं की द्यायला पुढे केलेला हात मागे येतो.

"काही नाही. मजेदार आहे, वाच."

काही दिवसांनी काजबाईची बडबड बंद झाली. गठ्ठा मशीनवर दिसेनासा झाला.

"पुढे दिलास?"

"कटिंगवालीला. तू सांगितलंस तसंच सांगून." काजबाईने दोरा तोडला. मान वर केली नाही. "त्यांना परत घालवता येतं का गं?"

वहिनीने मशीनवर पाय दाबला.

"नाही."

त्या दुपारी वहिनीने निळ्या कापडाचा एक शर्ट पुरा केला. काजबाईने सवयीने तो पुढ्यात ओढला, बटणाची पट्टी शोधली. पट्टी नव्हती. उलटून पाहिलं. दोन्ही भाग पाठीचेच कापलेले होते.

"काज?"

"लागत नाहीत."

काजबाईने शर्टाची घडी घातली. हाताने दाबून सपाट केली.

"कापड उरलं असेल तर आणखी एक काप. सासरे अंगाने थोराड आहेत."

वहिनीने टेप गळ्यातून काढला नाही. काजबाईने माप तोंडीच सांगितलं. खांद्याचं. पाठीचं. आणि पुन्हा पाठीचं.