चार नंबरची आई

खोटं बोलून दारावरच्या वॉचमनला मिळणार काय होतं? काटाबाईनं आधी हाच हिशेब मांडला. बढती मिळणार नव्हती. चहापाणी त्यानं मागितलं नव्हतं, आणि तिच्या हातून ते सुटलंही नसतं. गोदामात साठा तपासायच्या नोकरीत पंधरा वर्षं गेली होती तिची; वजनकाट्यावरून पडलेलं काटाबाई हे नावही तिथलंच. खोटं बोलणारी माणसं तिनं पोत्यानं पाहिली होती, आणि प्रत्येकाच्या खोट्यामागे एखादा तरी खोका कमी निघायचा. या माणसाचा मात्र दमडीचा फायदा नव्हता. तरी तो शांतपणे सांगत होता, "बाई, तुमची दहा मिनिटं झाली. आत्ताच तर बाहेर पडलात."

तिसऱ्या मजल्यावर लहान मुलांचा अतिदक्षता विभाग होता. भेटीची वेळ अकरा ते अकरा दहा. एका मुलाला एकच माणूस, वहीत सही करायची, खुंटीवरचा हिरवा गाऊन चढवायचा आणि आत जायचं. चार नंबरच्या खाटेवर तिची सात वर्षांची लेक होती. घडीभर बसायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. आता पाच दिवस ती नळी तोंडात घालून निपचित पडली होती, छातीत न्यूमोनिया. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. त्याला आतलं बघवायचं नाही, म्हणून त्यानं आपलीही पाळी बायकोला देऊन टाकली होती.

काटाबाईनं वही ओढून घेतली. बेड चार. नातं, आई. आत अकरा, बाहेर अकरा दहा. खाली तिचीच सही, टिंब तर इतकं दाबून दिलेलं की कागद भोसकला होता.

अकरा वाजता ती तळमजल्यावर मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत भांडत होती. कालच्या एक्स-रेचा रिपोर्ट अजून का नाही, यावर तिच्या तोंडाचा पट्टा सुटला होता, आणि ते बिचारे डॉक्टर त्याला साक्षीदार होते.

मग वॉचमनची बिनपाण्यानं झाली. आवाज ऐकून सिस्टर बाहेर आल्या, तर त्या उलट तिचंच कौतुक करायला लागल्या. आज कुणाला बोलला नाहीत, चादरीवरून वाद नाही, नळीवरून वाद नाही, नुसता हात धरून बसलात. आणि बघा, ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णवपर्यंत आलाय.

नवरा बाकावरून म्हणाला, "अगं, पर्स माझ्याकडे देऊन तर आत गेलीस."

पर्स तिच्या खांद्याला होती. मग त्याचीही पूजा बांधून झाली.

राग तसा तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायमचा बिऱ्हाडाला. पण भिंगरी आजारी पडल्यापासून त्यानं सगळं घरच बळकावलं होतं. डॉक्टरांवर राग, लिफ्टवर राग, फिनेलच्या वासावर राग. एक खातं तेवढं ती उघडत नव्हती. भिंगरी दोन दिवस खोकत होती. गोदामात वार्षिक मोजणी चालू होती. "नाटकं करू नकोस, आटप लवकर," म्हणून तिनंच पोरीला शाळेत पिटाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच ती बाकावर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "माझं मनगट धरा. सोडलंत तर बघा."

त्यानं धरलं. पिठानं खरखरीत झालेली त्याची बोटं. अकरा वाजले. दोघांच्या नजरा दारावर. चार नंबरसाठी कुणी आत गेलं नाही. वॉचमन वहीत काही तरी न्याहाळत होता.

अकरा दहाला दार किलकिलं झालं. सिस्टरनं डोकं बाहेर काढलं. "एवढ्यात येऊन बसलातसुद्धा? गाऊन खुर्चीवरच टाकलात बघा."

त्यांनी गाऊन तिच्या मांडीवर ठेवला. बाह्या कोमट होत्या. त्याला तिच्या रोजच्या साबणाचा वास होता.

मनगटावरची बोटं सैल झाली.  त्यानंतर नवऱ्यानं तिच्याकडे सरळ पाहायचं सोडलं.

तिसऱ्या दिवशी साडेदहापासून ती दाराला चिकटून उभी राहिली आणि पहिली आत घुसली. कोण येतं माझ्या पोरीकडे, बघतेच. खाटेशी पोचली तर सलाईनची नळी तिरकी, उशी एकीकडे घसरलेली. तिनं सिस्टरला फैलावर घेतलं. भिंगरीच्या पापण्या हलल्या. तिनं आईकडे पाहिलं, मग आईच्या मागे, दाराकडे. कुणाची तरी वाट बघावी तसं. यंत्र बीप-बीप करायला लागलं. सत्त्याऐंशी.

चौथ्या दिवशी मुद्दाम बाहेर बसली. ब्याण्णव.

पाचव्या दिवशी पुन्हा आत गेली. या वेळी तोंडातून शब्द काढला नाही, दात मात्र करकरत होते. पंच्याऐंशी. तीन सिस्टर धावत आल्या आणि तिला बाहेर काढलं.

दुसरी कुठली आई असती तर योगायोग म्हणाली असती, आणि सहाव्या दिवशी पुन्हा जाऊन पोरीला कवटाळून बसली असती. काटाबाईनं पर्समधून चिठ्ठी काढली, तक्त्यावरून उतरवून घेतलेले पाच आकडे एकाखाली एक मांडले, दोनदा ताडून पाहिले. उभ्या जन्मात ती माणसांशी भांडली होती. आकड्यांशी कधीच नाही.

सिस्टरला गाठून तिनं दबक्या आवाजात विचारलं, "मी तिला काय सांगत असते हो?"

सिस्टर चक्रावल्या. "तुम्हीच तर म्हणता ना... घाई नाही. झोप तुला हवी तेवढी."

काटाबाईला आठवेना की हे वाक्य ती आयुष्यात कधी बोलली होती.

मग ती बाकावरच बसू लागली. रोज अकराला नखं तळहातात रुतवून घ्यायची, दहा मिनिटं. आत कोण बसलंय याचा तिला असा संताप यायचा की कानशिलं उडायची.

आकडा चढत गेला. पंच्याण्णव. सत्त्याण्णव.

नळी निघाली. दाराच्या फटीतून भिंगरीचा घोगरा आवाज आला. ती सिस्टरला सांगत होती, "माझी आई आता रागवत नाही."

घरी सोडायच्या दिवशी नवरा भिंगरीला खांद्यावर घेऊन बाहेर आला. मागून एक बाई पिशवी घेऊन चालत होती. पर्स तीच, केस तसेच बांधलेले, चालणं मात्र सावकाश. काटाबाई उठून वाटेत उभी राहिली.

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी, अगदी सरळ. बाकावरच्या अनोळखी बाईला बघून मान हलवावी तशी मान हलवली, आणि वळसा घालून पुढे गेला.

ती दुसरी थांबली नाही.

लिफ्टचं दार मिटलं. काटाबाईनं ओरडायला तोंड उघडलं. आत हात घालून चाचपावं तसा राग शोधला. एक कण नव्हता. झाडून घेतलेल्या गोदामासारखं सगळं स्वच्छ.

लेकीला श्वास मिळाला. नवऱ्याला लेक मिळाली, वर न भांडणारी बायको. आपलं कुणाकडून काय घ्यायचं राहिलं, तिला आठवेना. ती परत बाकावर बसली.

थोड्या वेळानं चार नंबरवर नवं मूल आलं. खाली जिन्यात त्याची आई कुणावर तरी तुटून पडली होती. एवढा उशीर का, कुणी बघत का नाही, तुम्हाला पोरंबाळं आहेत की नाही. आवाज तीन मजले चढून येत होता.

अकरा वाजले. वॉचमननं काटाबाईकडे पेन सरकवलं. "चार नंबरची आई ना? चला."

तिनं सही केली. खालच्या त्या बाईचं नाव तिला आपसूक सुचलं.

आत खाटेवरच्या मुलानं डोळे न उघडता हात पुढे केला. तो तिनं हातात घेतला. "घाई नाही," ती म्हणाली.

खाली ती बाई अजून भांडत होती. तिची पहिली दहा मिनिटं खर्ची पडली होती.