सिग्नल पडला

कादंबरीची छत्री चोरीला गेली नव्हती, बदलली होती. जपानातल्या इचिकावा स्टेशनजवळच्या कोंबिनीबाहेर, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाबाहेर, सगळ्यांच्याच छत्र्या पारदर्शक, सगळ्यांच्याच पांढऱ्या दांड्याच्या. कुणीतरी तिची उचलली आणि मोडक्या काडीची मागे ठेवली. पाऊस कसला, नुसती चिकट भुरभुर... पण केस आत्ताच सरळ केलेले! ती शेजारच्या जिन्यात शिरली, आणि वर निघालं छोट्या आगगाड्यांचं दुकान.

त्या दिवशी तिथे हौशी लोकांनी आपापले रूळ मांडले होते. सगळे आजोबा, सगळे गप्प. एका टेबलावर मात्र हिरवी दरी, बोटभर स्टेशन आणि खांबावर लाल हात. तो हात टक्कन खाली आला, आणि तिचे बाबा रोज सकाळी बूट चढवताना जे म्हणतात तेच तिच्या तोंडून निसटलं.

"चला, सिग्नल पडला."

टेबलापलीकडून एक मान झटकन वर आली. लांब पापण्या, नाकावर हिरवा रंग.

"तुला कसं कळलं?" त्याने चक्क मराठीत विचारलं. "म्हणजे... पडणारा सिग्नल. हल्ली कुणाला माहीत नसतं."

मग त्याने जे सांगितलं ते असं : ब्रिटनमध्ये पूर्वी सिग्नलचा हात आडवा म्हणजे थांबा, आणि खाली पडला की जा. पुढे बाकीच्या रेल्वेंनी हात वर जाणारे सिग्नल लावले, तिथल्या एकट्या वेस्टर्न रेल्वेने मात्र पडणारेच ठेवले. आपण मराठीत ‘सिग्नल पडला’ म्हणतो ते तसल्याच सिग्नलवरून. आणि हिने एका नजरेत ओळखलं!

खरं सांगायची हीच वेळ होती. पण त्या पापण्या...

"ओळखणारच ना," कादंबरी म्हणाली.

त्याचं नाव सौमित्र. बारावीत, जपानी शाळेत. ब्रिटनमध्ये कधी पाय ठेवला नव्हता, तरी तिथल्या बंद पडलेल्या रेल्वेफाट्यांवर जीव. त्यानंतरचे कितीतरी रविवार ती आपल्या घरून, फुनाबोरीहून, गाडी बदलत त्याच्या घरी जायची. त्याची आई, विद्याकाकू, पोहे द्यायच्या, हा तिला स्केल समजावायचा, आणि ती त्याच्या पापण्या बघत मान डोलवायची. गार्डच्या डब्याला ती ‘ते शेवटचं खोकं’ म्हणाली की तो हसायचा. एकदा चिमणीएवढं झाड चिकटवताना दोघांची बोटंही चिकटली... डिंक वाळल्यावरही कुणी सोडवायची घाई केली नाही.

मनातलं बोलायला पुढचे रविवार होतेच की.

आणि मग ते संपले. त्याच्या पप्पांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. परत पुणे, कायमचं. एका तातामी चटईएवढ्या फळीवरची ती दरी सामानात बसणार नव्हती. कादंबरीने आईला विचारलं, रडली, भांडली. आई म्हणाली, फळी ठेवली तर फ्रिजचं दार उघडणार नाही. दुकानातल्या आजोबांनीही नम्रपणे वाकून नकार दिला. उरली एकच वाट, पालिकेच्या ट्रकला मोठा कचरा म्हणून देऊन टाकायची. त्यासाठी कोंबिनीतून स्टिकर आणायचा, नाव लिहायचं, चिकटवायचं. सौमित्रने तो नेमका स्टेशनच्या छपरावर लावला. दुसरी सपाट जागाच नव्हती.

ट्रक न्यायला येणार त्या सकाळी दोघांनी फळी खाली आणून फाटकापाशी टेकवली. भुरभुर चालूच होती. झाडं भिजत होती, खरी झाडं भिजतात तशी नाही; सुटून येत होती.

"तुझ्यासाठी," तिने पिशवीतून खोका काढला. अकिहाबारातल्या जुन्या मालाच्या दुकानात शोधून शोधून मिळवलेलं, त्याचं सर्वांत लाडकं इंजिन. दोन्ही कुशींना पाण्याच्या टाक्या, गोण्या लादलेल्या गाढवासारखं, हिरवंगार. त्याचे डोळे लकाकले. फळी आडवी करून त्याने ते हळूच रुळांवर ठेवलं.

बसेना. चाकं दोन्ही रुळांच्या बाहेर. स्टेशनपेक्षा इंजिनाची चिमणी उंच.

त्याने ते उचलून पुन्हा एकदा ठेवून बघितलं. "कादंबरी... हे मोठ्या स्केलचं आहे. माझी एन गेज, छोटी. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

आता लपवून तरी काय राहणार होतं?

"मला नाही कळत त्यातलं काही," ती म्हणाली. "कधीच नाही कळलं. ‘सिग्नल पडला’ हे बाबा म्हणतात... ऑफिसला निघताना. मला रेल्वे नाही आवडत, सौमित्र. मला तू—"

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"शेवटचं खोकं म्हणणारी मुलगी रेल्वेसाठी येत नाही." त्याने नाक ओढलं. "मला वाटलं, आपण विचारलं तर तू यायची थांबशील. म्हणून शिकवत राहिलो."

"वेडा आहेस."

"तुझ्याहून कमी. इंजिन नीट मोजून तरी आणतो मी."

दोघं हसली, आणि हसताहसताच तिचा चेहरा वाकडा झाला. कोपऱ्यावर ट्रक वळला होता. सौमित्रने घाईघाईने सिग्नलचा खांब उपटून तिच्या मुठीत दिला. तार तुटली. इंजिन त्याने शर्टाच्या आत घातलं.

"ह्याला रूळ कुठले आणशील?" तिने विचारलं.

"टाकावे लागतील. सगळे नवीन." मग फार हळू, "मोठं घर लागेल, कादंबरी. कुठून आणू... कधी आणू?"

ट्रकच्या माणसांनी वाकून नमस्कार केला, दरी उचलली. आत काहीतरी करकचून मोडल्याचा आवाज आला. ट्रकचा भोंगा कचरागाडीची नेहमीची गोड धून वाजवत गेला.

तो निघाला त्या सकाळी कादंबरी आपल्या खिडकीत बसली होती. शाळेत जायचं नाही म्हणून तिने पोट दुखतंय सांगितलं होतं. समोर तो खांब. तार नसल्यामुळे हात आडवा राहत नव्हता, बोटाने उचलून धरावा लागत होता. तिने धरला. आडवा. थांबा. एवढं तरी तिला आता कळत होतं. बोट दुखायला लागलं तरी तिने हलवलं नाही... नरिता विमानतळाच्या दिशेला आभाळ नुसतं राखाडी होतं.

दारात बाबा बूट चढवत होते. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

"चला," ते नेहमीसारखे म्हणाले, "सिग्नल पडला."

तिने बोट काढलं.