सुनिलचा हात

नयन माझ्या दुकानाला लागून बसायचा. डहाणू स्टेशनबाहेर, टीव्ही-मिक्सर दुरुस्तीला. थापा मारणारा माणूस नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतो, पण मध्ये बोलू नका. आणि तो बल्ब राहू दे चालू.

पंचवीस साल. मार्चची एकवीस तारीख, शुक्रवार. संध्याकाळी पाच वाजता नयन आपली जुनी ओम्नी घेऊन धाकटी डहाणूला गेला. एक डबा आणायचा होता, बाकी काही नाही.

डबा म्हणजे सुनिलने बनवलेलं वायरलेसचं यंत्र. सुनिल मांगेल्यांचा पोरगा, बापाची होडी होती, पण याचं डोकं वायरलेसमध्ये. नयन, सुनिल आणि चिकूच्या वाडीवाला जतीन, तिघांना हॅम रेडिओचा नाद. रीतसर परवाने काढलेले. मोबाइलचा टॉवर नाही, उपग्रह नाही. छत्रीएवढी डिश आणि हातात मावेल एवढं यंत्र, त्यावर मोर्सच्या खुणांनी, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांनी, लांब बोलायचं. या मायक्रोवेव्ह लहरी सरळ जातात, डोंगर आला की संपल्या. पण सुनिलने हेरलं होतं की मार्चमध्ये वारा पडला, उकाडा वाढला, की समुद्रावर हवेचा असा थर धरतो की लहरी त्याखालून पाण्याला धरून पळतात. इथून थेट सौराष्ट्र, जाफराबादपर्यंत. दीडशे किलोमीटरच्या वर. त्यासाठी त्याने दोन यंत्रं बनवली, जोडी. ती वापरायच्या आधीच, दोन वर्षांपूर्वी, खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. सुनिल गेला.

सुनिलच्या बायकोने, निलमवहिनीने, यंत्रं साडीत गुंडाळून ठेवली होती. एक गुरुवारीच जतीन घेऊन जाफराबादला गेला होता. दुसरं नयनच्या हातात देताना ती म्हणाली, "भावजी, जमलं तर यांचं नाव लागंल ना?"

"लागेल की, वहिनी."

आणि हे म्हणताना नयनला ठाऊक होतं. लांब पल्ल्याच्या विक्रमाचा फॉर्म जतीनने आधीच भरला होता. त्यात नावं दोन. जतीन म्हणाला होता, "सुनिलचं टाकलं तर लोक म्हणतील, सगळं त्यानेच केलं, तुम्ही काय नुसती डिश धरलीत?" नयन नाही म्हणाला नाही. "बघ तुला काय वाटतं ते," एवढंच म्हणाला.

रात्री नऊला तो झाईच्या किनाऱ्यावर पोचला. सुरूच्या झाडांपुढे डिशचं तिकाटणं रोवलं, डिश वायव्येला, जाफराबादकडे फिरवली. दोघांचं ठरलेलं, फोन बंद. फोनवर बोलून जुळवलं तर त्याला अर्थ नाही.

दहा. अकरा. पान हलत नव्हतं. समुद्र तेलासारखा सपाट. नयन खुणा पाठवायचा, थांबायचा, कानाला हेडफोन दाबून ऐकायचा. नुसती खरखर.

बारा पन्नासला उत्तर आलं.

अगदी बारीक. पण स्वच्छ. त्याचं स्वतःचं सांकेतिक नाव, मग रिपोर्ट, म्हणजे आवाज किती स्वच्छ येतोय त्याचे आकडे, पाच-नऊ-नऊ. नयनने रिपोर्ट दिला. पलीकडून पोच आली. झालं! नयन वाळूत एकटाच नाचला, वहीत वेळ लिहिली. समोरच्याचं नाव लिहायच्या रकान्याशी आला आणि थबकला.

समोरच्याने स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं.

घाईत राहिलं असेल, म्हणून त्याने पुन्हा पुकारलं. तेवढ्यात डिशचा स्क्रू ढिला पडला आणि डिश आपल्या वजनाने फिरली. या डिशचं असं असतं, बोटभर हलली की समोरचा गायब. इथे उलटं झालं. आवाज वाढला. नयनने आणखी फिरवली. आणखी वाढला. समुद्राकडे पाठ झाली तरी वाढतच होता. यंत्रावरचा काटा सगळ्यात वर गेला तेव्हा डिश दक्षिणेला होती.

डहाणूकडे.

नयनला वाटलं, फसलो. म्हणजे जतीन जाफराबादला गेलाच नाही! घरच्या गच्चीवर बसलाय, वीस किलोमीटरवर, आणि मला इथे वाळूत नाचवतोय. वीस वर्षांचा दोस्त. नयन मला म्हणाला, "काका, त्या वेळी मला भीती नाही वाटली. रडू आलं."

सामान गाडीत कोंबून तो निघाला. बोर्डी, घोलवड, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सव्वादोनला जतीनच्या फाटकात उभा राहून त्याने बेल दाबली. जतीनची बायको रुपल डोळे चोळत आली.

"नयनभाई? आता?"

"जतीनला खाली बोलव. सांग, समजलंय सगळं."

"ते तर जाफराबादला आहेत ने! नऊ वाजता फोटो पाठवला, हे बघा." फोटोत जतीन, डिश, आणि मागे जाफराबादच्या बंदराची पाटी.

नयन रस्त्यावर आला. गाडीच्या टपावर डिश ठेवली, हळूहळू फिरवली. जतीनच्या घराकडे... काही नाही. स्टेशनकडे... काही नाही. खाडीकडे वळवली...

होता. अजून पाठवत होता. नयनचंच नाव, पुन्हा पुन्हा.

धाकटी डहाणू.

हे यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. दोनच होती. एक जाफराबादला. एक त्याच्या हातात.

साडेतीनला तो सुनिलच्या घरामागे उभा होता, खाडीच्या बाजूला. सुकट वाळत घालायच्या बांबूच्या मांडवांपाशी. घरात अंधार. निलम झोपलेली. त्याने डिश मागच्या भिंतीकडे धरली. काटा शेवटाला जाऊन टेकला. थरथरत राहिला.

आता आवाज एवढा मोठा की हेडफोन लागत नव्हता.

मोर्स पाठवणाऱ्याचा हात ओळखू येतो, पोरांनो. अक्षरासारखा. सुनिलची एक खोड होती... शेवटचा लांब ठोका तो जास्तच लांबवायचा. दोघं त्याला हसायचे त्यावरून.

नयनने ऐकलं.

शेवटचा ठोका... लांबत गेला...

मग थोडा वेळ काही नाही. खाडीचं पाणीही वाजेना.

मग एकेक अक्षर. सावकाश. नवशिक्याला शिकवावं तसं.

कु... णा... चं...

थांबला.

ना... व...

नयनने बॅटरीची वायर उपटली. यंत्राचा दिवा विझला. काटा खाली पडला.

आणि त्यानंतर... दोन अक्षरं आणखी आली.

ती कुठली, ते त्याने मला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं...

भिंतीला पाठ लावून तो खाली बसला. माणसाचा आवाज ऐकावा म्हणून त्याने फोन चालू केला. आत जतीनचा मेसेज होता, सगळ्या हॅमवाल्यांच्या ग्रुपवर, एक वाजून वीस मिनिटांचा. 'जाफराबाद ते झाई, संपर्क पूर्ण! जतीन आणि नयन.' खाली दीडशे अभिनंदनं.

नयनने फोन लावला. "जतीन... तू मला ऐकलंस?"

"अरे, कसलं ऐकतोय! रात्रभर खरखर."

"मग हे?"

"कोण तपासायला येतंय, यार? तू किती वाजताचं लिहिलंस? रिपोर्ट काय दिलास? सांग ने, मी तेच लिहितो. दोघांच्या वह्या जुळल्या की झालं."

"आणि सुनिल?"

"सुनिल काय? मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

नयनने फोन कापला. पडद्यावर वेळ दिसली, चार वाजून दहा मिनिटं. त्याला वाटलं होतं तसं जतीनने फसवलं नव्हतं. त्याहून वाईट फसवलं होतं. आणि आपण? संध्याकाळी त्या बाईच्या डोळ्यांत बघून 'लागेल की' म्हणालो, तेव्हा आपण कोण होतो? खाडीकडे तोंड करून, यंत्र बंद, वायर हातात, तो हलकेच बोलला. मोर्समध्ये नाही. आपल्या तोंडाने.

"सुनिल, मी पण गप्प बसलो रे. चुकलो."

ऐकायला कुणी नव्हतं. त्याने आजूबाजूला पाहिलं होतं.

सकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं की संपर्क झालेला नाही, आणि यंत्रं सुनिलची आहेत. डबा निलमला परत दिला, खरं काय ते सांगितलं. तिने चहा ठेवला. जतीन त्या दिवसापासून नयनशी बोलत नाही. गावभर सांगतो, नयनने दगा दिला.

पण ऐका. हॅमवाल्यांत एक रीत आहे. संपर्क झाला की एकमेकांना पोस्टाने कार्ड पाठवायचं, पुरावा म्हणून. बारा दिवसांनी नयनच्या दुकानाच्या शटरखाली एक कार्ड सापडलं. मी शेजारीच होतो, मी ते हातात धरलंय. तिकीट नाही, शिक्का नाही. निलमला दाखवलं, तिने अक्षरावरून बोट फिरवलं आणि मान वळवली.

तारीख, बावीस मार्च. वेळ, पहाटे चार दहा.

रिपोर्ट, पाच-नऊ.

त्याचा अर्थ मला नयनने समजावला. मोर्सचा रिपोर्ट तीन आकडी असतो, पाच-नऊ-नऊ. दोनच आकडे कधी लिहितात ठाऊक आहे?

माणूस तोंडाने बोलला, आणि शब्द अन् शब्द ऐकू आला... तर.