पहारेकऱ्याची सुट्टी

इंद्रायणीमाईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आम्ही तिघं जयसिंगच्या लाल गाडीतून निघालो. म्हणजे गाडी पांढरी होती, आणि माझीच होती. पण बाकी सगळं खरं.

जयसिंग माझा मेहुणा. निघोज्याच्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटीला. त्याची सुट्टी गुरुवारी, आमच्या पट्ट्यातल्या कंपन्याही गुरुवारीच बंद. म्हणून तो, मी आणि माझी बायको जयमाला मोशीहून डबे घेऊन पडकी ठिकाणं बघायला निघतो. त्या दिवशी जुन्नर. निजामशाहीची पहिली राजधानी. गावाबाहेर द्राक्षबागांच्या मागे कुणा सरदाराची उन्हाळी कोठी आहे. वर घुमट, मधे कोरडा हौद.

हौदात धोतरा माजला होता. तरी पाण्याचा आवाज येत होता... कारंजं उडावं तसा. बाहेर रणरणतं ऊन, आत मात्र दिवेलागण झाल्यासारखं. आणि वाळ्याचा ओला वास.

आतल्या दाराशी एक उंच माणूस भाला धरून उभा होता. वाटलं, शूटिंग असेल. तो जयसिंगकडे बघून हळूच म्हणाला, "जरा धरता?... आलोच."

गेटवरच्या माणसाला याची सवय. तंबाखू मळायला, लघवीला, रोज कोणीतरी म्हणतंच. जयसिंगने भाला घेतला. "जा भावा, सांभाळतो पॉइंट."

तो कमानीतून बाहेर गेला. पायाखालचा पाचोळा वाजला नाही.

पाण्याचा आवाज थांबला.

"दाजी..." जयसिंग म्हणाला. "बोटं सुटंनात."

मी हात ओढून पाहिला. थंडगार, आणि दगडासारखा घट्ट. "टाक की रं तो भाला!"

"रिलिव्हर आल्याबिगर... पॉइंट सोडता येत न्हाई." शब्द त्याचेच, पण आवाज घुमटातून येत होता. त्याच्या मिशीवर धूळ चढत चालली होती, बघता बघता, वर्षानुवर्षांची.

"माझा भाऊ हितं ठिवून मी न्हाई जायची!" जयमाला ओरडली.

मी बाहेर धावलो. तो माणूस बांधावर ऊन खात उभा होता. सावली नव्हती. आता मी काय बोललो ते नीट ऐका.

"ओ हवालदार! आज वार कोणता?"

"वार?..."

"गुरुवार! तुमची सुट्टी. सुट्टीच्या दिवशी चार्ज देता येत न्हाई अन् घेताबी येत न्हाई. ही बदली रद्द. भाला भिंतीला टेकवा, आज पहाराच न्हाई. उद्यापासनं पुन्हा तुमीच."

"सुट्टी..." त्याने शब्द तोंडात घोळवला. "मला कोणी सांगितलंच नाही."

"चारशे वर्षांत? सुपरवायझर सगळीकडं सारखेच, राव!"

तो हसला. आत आला, जयसिंगच्या मुठीतून भाला अलगद काढला आणि भिंतीला टेकवला. जयसिंग मटकन खाली बसला आणि पहिलं वाक्य बोलला, "आक्के, भाकर दे आधी."

नारायणगावपर्यंत हॉर्न वाजवत आलो. जयसिंग खिडकीतून अर्धा बाहेर, दिसेल त्याला हात करत होता. जयमालाने दोन मिसळी एकटीने संपवल्या. चारशे वर्षांचा पहारा उठवून आलो होतो आम्ही! वरातीत तरी एवढा आनंद असतो का?

आता खोटं कुठलं, तेही सांगून टाकतो, नाहीतर जयमाला जेवायला वाढणार नाही. बांधावर मी गेलोच नव्हतो. मी खांबामागे होतो. ते सुट्टीचं सगळं बोलणं तिचं.

माझं वाक्य एकच. आम्ही निघताना त्या पहारेकऱ्याने विचारलं होतं, "पण सुट्टीत जायचं कुठं?" आपली रीत म्हणून मी खांबामागून म्हणालो, "या की एकदा मोशीला."

तेव्हापासून दर गुरुवारी दारातल्या खुर्चीपाशी जयमाला एक कप चहा ठेवते. वाळ्याचा वास येतो, कप रिकामा होतो, आणि शुक्रवारी उजाडायच्या आत वास गेलेला असतो. ड्यूटीचा पक्का माणूस.

आज शुक्रवार आहे. दुपार झाली, वास अजून दारातच आहे. जयमाला आत्ताच तिसरा कप ठेवून आली.