वाळूखालचा ठोका

पटत नसेल तर लातूरला गफूरभाईंच्या मेसवर जाऊन विचारा. खरं तेच सांगतील... आणि सांगताना फरशीकडंच बघतील.

रात्रीची नाही, भर दुपारची गोष्ट. मे महिना. परीक्षा संपून क्लासची पोरं गावोगाव गेली, मेस बंद झाली. गफूरनं बायकोला, वहिदाला, कोकणात नेलं. वेंगुर्ल्याच्या पुढं, एका मोकळ्या किनाऱ्यावर.

कारण एकच. वहिदाला झोप लागावी.

किल्लारीच्या भूकंपात ती लहानगी पोर दगडामातीखाली अडकली होती. भिंतीपल्याड कुणीतरी भांडं वाजवत होतं. हिचा डोळा लागला, की टक... टक. त्या आवाजानंच ती जागी राहिली, जगली. तिला काढल्यावर लोकांनी पल्याडही उकरलं.

तिथं कुणीच नव्हतं.

तेव्हापासून तिची झोप उडाली ती उडालीच.

किनाऱ्यावरच्या त्या रिसॉर्टमध्ये सिमेंटचं नाव नव्हतं. झावळ्यांचं छप्पर, कुडाच्या भिंती, खाली वाळूवर नुसती चटई. पंखा नाही. प्लास्टिकची बाटलीसुद्धा फाटकावरच काढून घेतलेली. पलीकडं कासवांच्या अंड्यांना जाळीचं कुंपण.

"पैसे मोजून झोपडीत राहायलोय. लातुरात कुणाला सांगू नका जी," वहिदा हसली.

"छप्पर पडलं तरी पाचोळाच पडंल अंगावर. झोप निवांत."

ती आडवी झाली. ओहोटीचं पाणी लांब सरकलं होतं. पापण्या जड झाल्या... मिटल्या.

गफूर श्वास रोखून बसला.

वहिदा दचकून उठली.

"अजी... ऐकलं का?"

"न्हाई बा. कासवाची पिल्लं निघत असतील."

"पिल्लू भांडं वाजवतंय व्हय?"

चेहऱ्यावर भीती नव्हती. नुसता शीण. उन्हातान्हाची वाट तुडवून आलेल्या बाईसारखा.

तिनं चटई सारली. लेकराला थोपटावं तशी वाळू थोपटली.

"मला कवाच काढलं गं. आता तू बी झोप. लई थकलो दोघी."

मग सगळं गप्प झालं. समुद्रसुद्धा.

वहिदा झोपली. अशी झोपली की सांज झाली तरी उठेना. गफूरनं हाका मारल्या, खांदा हलवला. तिचा हात हातात घेतला...

नखांत माती होती.

काळी. ओली. तिच्या गावच्या रानातली.

बाहेर जिकडं तिकडं पांढरी वाळू.

दिवेलागणीला तिनं डोळे उघडले. गफूरकडं नवख्यासारखी बघत राहिली.

"गाढ झोप लागली," एवढंच म्हणाली.

आता मेस पुन्हा सुरू आहे. वहिदा रोज दुपारी गाढ झोपते. बघणाऱ्याला बरं वाटतं.

फक्त झोपेत तिचं बोट फरशीवर वाजत राहतं. टक... टक... कुणाचा तरी डोळा लागू नये म्हणून वाजवावं तसं.

गफूर तेव्हा मुद्दाम ताटं आपटतो, नळ सोडतो. कारण एकदा सगळं शांत असताना त्यानं फरशीला कान लावला होता.

खालून आवाज आला होता. दमलेला... ओळखीचा.

"अजी... ऐकलं का?"

आणि वर, त्याच्या शेजारी, वहिदा गाढ झोपली होती.