मंगळवारचा शेवटचा बाक

मंगळवार, ९ एप्रिल २०१९, सकाळचे अकरा. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये दामिनी प्रतिकारशक्तीचा धडा शिकवत होती आणि शेवटच्या बाकावर तिशीचा एक माणूस टिपणं काढत होता. त्याचा हा तिसरा मंगळवार. टेस्टला तो कधीच बसत नसे.

समोरचे क्लासवाले नोट्स चोरायला माणूस पाठवतात, लक्ष ठेवा, असं मालक माणिकप्पा सरांनी बजावलं होतं. दामिनीनं ठेवलं. जरा जास्तच... एवढ्या उन्हात कॉलर गळ्यापर्यंत बंद, आणि ती फळ्याकडून वळली की त्याची नजर पटकन वहीत.

शंकांच्या रांगेत तो शेवटी आला.

"शत्रू नसताना पेशीवरचा रिसेप्टर 'वाढा, वाढा' सांगतच राहिला तर?"

"सिलॅबसमध्ये नाही हे. कुणी पाठवलं तुम्हाला?"

"मीच आलो. अन् चोरण्यासारखं तुमचं अक्षर न्हाई, मॅडम."

हसू दाबत तिनं सांगितलं, "त्र्याण्णवच्या भूकंपानंतर साधा ट्रक गेला तरी माणसं अंगणात पळायची. जमीन हलत नसायची, ओरडणं मात्र खरं. तशा खोट्या हाकेवर बी पेशी, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढत राहतात. काही लिम्फोमा, म्हणजे या पेशींचे कॅन्सर, असेच वाढतात."

"माझी आई अजून पळती," तो म्हणाला.

तो शिवप्रसाद, किल्लारीजवळचा. नोकरी नांदेडला. लातूरला कशाला येता, असं विचारल्यावर तो वही मिटून निघाला. तिनं प्रवेश अर्जावरून त्याच्या ऑफिसला फोन लावला. दर मंगळवारी मुलगी बघायला जातो म्हणे!

पुढच्या मंगळवारी तिनं त्याला जिन्यातच गाठलं. त्यानं कॉलरचं बटण काढलं. मानेवर लिंबाएवढी गाठ होती.

"दवाखान्यात तपासून घ्यायला येतो इथं. ती हाक बंद करायची गोळी चालू हाय. ती काय करती, नीट समजून घ्यायचं होतं."

"मग ऑफिसात खोटं का सांगितलं?"

"पहिल्या मंगळवारी खोटंच होतं..." तो खाली बघत म्हणाला. "दुसऱ्यापासून न्हाई."

तिनं हात पुढे करून त्याच्या तपासण्यांची फाइल मागून घेतली.

१४ मे. गाठ निम्मी झाली, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिप्पट. गोळीमुळे पेशी गाठीतून रक्तात उतरतात, हळूहळू कमी होतील, असं डॉक्टरांचं म्हणणं. दामिनीनं आकडे दोनदा ताडून पाहिले.

"पटतंय का, मॅडम?"

"पुढचा रिपोर्ट बघून सांगते," ती म्हणाली. त्याला कॉलरचं बटण मात्र तिनं लावू दिलं नाही.

पुढची तपासणी ११ जूनला झाली. त्या दिवशी दामिनी रजेवर होती. अर्जात कारण लिहिलं होतं — मुलगा बघायला. रिपोर्ट अजून आलेला नाही.